तोंडपाठ भूमिती

मास्तरांनी पाटीवर त्रिकोण उलटा काढला, कोपऱ्यांना वेगळी अक्षरं दिली आणि माझ्या थोरल्या भावाला म्हणाले, "हं, करा सिद्ध." भाऊ पाटीकडे बघत राहिला. मग त्यानं डोळे मिटले आणि पुस्तकातलं प्रमेय पहिल्या शब्दापासून म्हणायला लागला. तो म्हणत होता ती अक्षरं पाटीवर नव्हतीच. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि वडिलांना म्हणाले, "पुस्तक उत्तम पाठ आहे. भूमिती मात्र यांना येत नाही."

हे अकोल्याला काकांच्या ओसरीवर झालं. मास्तर पुण्याकडचे, तरुण, मुंबई युनिव्हर्सिटीची एंट्रन्स परीक्षा स्वतः पास झालेले. भाऊ दिवाळीनंतर त्याच परीक्षेला बसणार होता, म्हणून काकांनी त्यांना बोलावून आणलं होतं. आम्ही अमरावतीचे. तिथं तेव्हा हायस्कूल नव्हतं. मराठी शाळेच्या पुढचं जे काय शिकायचं ते घरी. इंग्रजी भावाला कचेरीतल्या एका बाबूनं शिकवलं होतं, गणित वडिलांनी अंगावर घेतलं.

अमेरिकेत लढाई चालू होती, तिकडचा कापूस विलायतेला जायचा बंद झाला होता आणि वऱ्हाडातला सगळा कापूस मुंबईला चालला होता. आगगाडी अजून आमच्याकडे आली नव्हती. गाडीवान खानदेशात जाऊन रुळाशी कापूस उतरवायचे आणि येताना मुंबईचा माल आणायचे. अशाच एका गाडीतून भूमितीची दोन पुस्तकं आली, एक ठेवायचं, एक परत करायचं अशा बोलीवर. एकात प्रत्येक प्रमेय शेवटपर्यंत मांडून दिलं होतं. दुसऱ्यात थोडं समजावून पुढं नुसती उदाहरणं होती, उत्तरं कुठंच नव्हती. वडिलांनी ते चाळून बाजूला ठेवलं. म्हणाले, "हे अपुरं आहे. विचारतं आणि सांगत नाही. परत करा."

वडील वेद शिकलेले. गुरूनं म्हणायचं, शिष्यानं मागून म्हणायचं, स्वर चुकला की पुन्हा. अशी संथा घेऊनच ते मोठे झाले होते. भूमिती त्यांनी तशीच शिकवली. मला वाचता येत होतं, म्हणून पुस्तक माझ्या हातात. भाऊ चुकला की मी सांगायचं. एकदा त्यानं विचारलं, "बाबा, पण हे असं का?" वडील म्हणाले, "आधी मुखोद्गत होऊ दे. अर्थ मागून येतो." त्यांना स्वतःला तो मागूनच आला होता.

मास्तर गेल्यावर काका बोलले. ते कापसाचे दलाल, दिवसभर बाजारात असायचे.

"दादा, तुमी पुस्तक वरून पाह्यलं. आमी गाडीत कोपरापर्यंत हात घालतो, मंग भाव बोलतो. वरचा कापूस सगळ्यांचाच पांढरा रायते."

"दुसरं पुस्तक आता मिळेल का?" वडिलांनी विचारलं.

"कसं मियन? आषाढ लागला. गाडी चाकाच्या आखापर्यंत चिखलात जाते. दसऱ्यापर्यंत काही येत नाही न् काही जात नाही. पोराले माह्यासंगं बाजारात येऊ द्या. काहून त्याचा जीव खाता?"

"माझा मुलगा कापसात हात घालणार नाही."

आई चुलीपाशी होती. तिला कुणी विचारलं नाही.

पावसाळाभर आम्ही काकांकडेच राहिलो आणि मास्तर जमेल तसे येत राहिले. भल्या मनाचा माणूस. आकृती वळवून दाखवायचे, मोडून दाखवायचे. भावाला क्षणभर कळल्यासारखं व्हायचं, आणि मग पाठ केलेलं तोंडात यायचं आणि तो वाहवत जायचा. एक दिवस तो मला म्हणाला, "हे विसरायचं कसं गं?" मी लहान होते. मोठी असते तरी सांगता आलं नसतं. परीक्षेला जाणार नाही असं त्यानं वडिलांना दोनदा सांगितलं. वडिलांचं उत्तर एकच, "इतकं शुद्ध पाठ आहे. ऐन वेळी सुचेल."

दसऱ्यानंतर काका त्याला घेऊन मुंबईला गेले. भूमितीच्या दिवशी तो कोरा कागद देऊन बाहेर आला. परतताना आगगाडीतून उतरले तिथं कापसाच्या गाड्यांची एवढी गर्दी होती की गावाकडची गाडी मिळेना. गाडीवानांत पटकीची साथ होती. भावाला सकाळी उलट्या सुरू झाल्या. संध्याकाळी काकांनी त्याला नदीकाठी अग्नी दिला.

काका एकटेच आले. वडील पुढं होऊन म्हणाले, "पेपर कसे गेले?"

काका म्हणाले, "दादा, पोरगा कोठी आहे ते तं पुसा आधी."

आई पुढच्या पावसाळ्याआधी गेली. वडील त्यानंतर फार वर्षं जगले, पण त्यांनी कुणाला काही शिकवलं नाही. आता तेही नाहीत आणि काकाही नाहीत. मी आहे.