सुई उकळलेली होती

"तुम्ही दोघी शेवटी. सुई एकच आहे."

बाईसाहेब सगळ्यांसमोर म्हणाल्या. मी चौदा वर्षांची, धाकटी सुमन बाराची. अलीपूरच्या बंगल्याच्या व्हरांड्यात मराठी अधिकाऱ्यांच्या मुली रांगेत होत्या. आम्ही मध्ये. बाबा बाईसाहेबांच्या यजमानांच्या, साहेबांच्या, कचेरीत शिपाई. साहेबांनीच त्यांना नागपूरहून कलकत्त्याला आणलेलं. बाकीच्या मुली बाईंना काकू म्हणत. आम्हाला बाईसाहेब म्हणायचं शिकवलं होतं. आमची जात त्यांना ठाऊक होती.

शहरात कॉलऱ्याची साथ होती. बाईसाहेब दर रविवारी मुलींना आरोग्याच्या सवयी शिकवत. नखं कापा. पाणी उकळा. उघड्यावरचं खाऊ नका. वर्ग सुटला की त्यांचीच मुलगी शोभा फाटकाबाहेर फुचका, म्हणजे तिकडची पाणीपुरी, खायची, वर चिंचेचं पाणी मागून प्यायची.

"ए सुमन, घे की एक! मरत नाहीस."

सुमन मान हलवायची. घरी ती आईलासुद्धा न उकळलेलं पाणी पिऊ देत नसे. कोळसा ओला असला की शेगडी फुंकत बसायची, डोळे लाल होईपर्यंत. आम्हाला शिकवलेलं सगळं आम्ही खरं मानलं होतं.

आणि त्या दिवशी कॉलऱ्याची लस टोचायची सुई. बंगाली डॉक्टर प्रत्येक मुलीनंतर ती उकळत्या पाण्यात टाकत होते. ते म्हणाले, "हर बार उबालता है, मैडम."

बाईसाहेब हसल्या. "वह आप नहीं समझेंगे."

मला समजलं. सुमनला नाही. ती कानाशी कुजबुजली, "ताई, आपली नखं स्वच्छ आहेत ना?"

आम्ही मागे गेलो. आमची पाळी आली तेव्हा लस संपली होती. पुढच्या रविवारी या, डॉक्टर म्हणाले.

तो रविवार यायच्या आत सुमन गेली. सकाळी जुलाब सुरू झाले. दुपारपर्यंत डोळे खोल गेले, आवाज गेला. इस्पितळात खाट नव्हती. ती फरशीवर गेली.

लस मिळाली असती तर ती वाचलीच असती, असं मी म्हणणार नाही. लस लागू पडायला दिवस लागतात, हे आता कॉलेजात शिकले. घरात कॉलेज बघितलेली मी पहिलीच. पण तिला मागे ज्यानं ढकललं, तो रोग आमच्या एकाही पुस्तकात नाही.

रविवारी बाबांनी मला पुन्हा पाठवलं. "टोचून घे आणि गप परत ये. नोकरीचा प्रश्न आहे, पोरी."

मी लवकर गेले. पुढे उभी राहिले.

"तू जरा मागे हो गं," बाईसाहेब म्हणाल्या.

"नाही."

"काय म्हणालीस?"

"सुई उकळलेली आहे. मी आधी आले."

"तुझ्या बापालाच विचारते."

"विचारा."

डॉक्टरांनी माझा दंड पुसला. "भोय नेई, मा," म्हणाले. भिऊ नकोस. मी भ्यालेच होते. पण हलले नाही.

बाबांना हावड्याच्या गोदामावर पहाऱ्याला टाकलं. मग एकदा जेवताना ते म्हणाले, "जरा मागे सरकली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"सुमन सरकली होती, बाबा."

त्यांनी ताट बाजूला सारलं. पण तो शब्द मी परत घेणार नाही. आणि सरकणार नाही. कॉलेजात नाही, नोकरीत नाही, बाबांनी हात जोडले तरी नाही.