बाबांनी सोडलेलं वांगं

आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. हे मी लाजत सांगत नाही. हिंगणीच्या अलीकडे आमचं वावर, त्यात वांगी, टमाटर, सांभार म्हणजे कोथिंबीर. वांगी काढून, टोपल्या बाजारात उतरवून मग मी कॉलेजची एसटी पकडायची. पदवी मी अशी घेतली आहे.

त्या पदवीसाठी बाबांनी वांगं सोडलं होतं.

आमच्याकडे डोंगराच्या पायथ्याशी महादेवाचं जुनं हेमाडपंती देऊळ आहे. शिवरातीला तिथं जत्रा भरते. त्या दिवशी उपास, आणि दुसऱ्या दिवशी ज्यांचा नवस असेल ते देवळामागच्या आमराईत गोवऱ्या पेटवून रोडगे भाजतात. रोडगे म्हणजे कणकेचे गोळे, निखाऱ्यात भाजलेले, आणि त्यासोबत वांग्याची भाजी. नवस बोलणारा एखादी आवडीची वस्तू सोडतो आणि नवस फेडताना, देवाच्या दारात, ती पहिल्यांदा तोंडात घालतो. कोणी गूळ सोडतो, कोणी चहा. मी कॉलेजात नाव घातलं त्या वर्षी बाबांनी पिंडीवर हात ठेवून मोठ्यानं सांगितलं, "माह्यी पोरगी ग्रॅज्युएट होईपर्यंत वांगं खाणार नाई. झाली की पयला घास इथंच खाईन."

काका तिथंच हसले. "अरे, वांगेवाल्यानं वांगं सोडलं! आता भोपळा लाव."

बाजारात गिऱ्हाईक विचारायचं, "वांगं कडू तर नाई ना, भाऊ?" बाबा म्हणायचे, "मले काय माईत? तुमीच खाऊन सांगजा." घरी आई सगळ्यांसाठी वांगं करायची आणि बाबांना वेगळं वरण. भाजीला फोडणी पडली की ते अंगणात जाऊन बसायचे. बसून सुपारी-तंबाखूचा खर्रा खायचे. तो मात्र त्यांनी सोडला नाही. देवानं मागितला नाही आणि आमचं त्यांनी ऐकलं नाही.

माझा निकाल पावसाळ्यात लागला. बाबा पेढे घेऊन गावभर फिरले. मी म्हटलं, आता खा वांगं. ते म्हणाले, "जत्रेतच. बोललो तसंच."

दिवाळीत त्यांच्या गालाला आतून फोड असल्याचं आईनं पाहिलं. तिखट सोसेना, तोंड पुरतं उघडेना. वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं आणि बाबांना बाहेर बसायला सांगितलं. पुढे जबड्याचा एक भाग काढला, मग किरणांचे शेक दिले; त्यानं जिभेची चव जाते म्हणाले. नाकातून नळी घातली. पेज, दूध, डाळीचं पाणी, सगळं सिरिंजनं नळीतून. ते बोलायचे ते फक्त आईलाच कळायचं.

शिवरात जवळ आली तेव्हा काका म्हणाले, "औंदा राहू दे, वहिनी. पुढच्या साली करू."

पुढच्या साली बाबा नसतील हे डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. मी ते आईला सांगितलं होतं. काकांना कोणी सांगितलं नव्हतं, पण त्यांनाही कळत असावं, कारण ते हे बोलले जमिनीकडे पाहून. बाबांनी उशीवरून हात हलवला, तोंडातून आवाज काढला.

"काय म्हणते?" काकांनी विचारलं.

"नवस अंगावर ठेवून जाणार नाई म्हंते," आई म्हणाली.

मग काकांनीच गाडी केली. आमराईत सतरंजी टाकून बाबांना झाडाला टेकवून बसवलं. चारी बाजूंनी धूर. भोंग्यावर कोणाचं तरी पोर हरवल्याचं सांगत होते. ओळखीचे लोक जवळ यायचे, बाबांच्या चेहऱ्याकडे बघायचे आणि माझ्याशीच बोलायचे. एक बाई म्हणाली, "पोरगी शिकली, चांगलं झालं बापा." बाबांनी माझ्याकडे बोट केलं. त्यांना हेच ऐकायचं होतं.

आईनं आमच्याच वावरातल्या वांग्यांची भाजी गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, केली. नैवेद्याची, म्हणून न चाखता. नैवेद्य झाला. मी थोडी भाजी पाण्यात कुसकरली, पातळ कपड्यातून गाळली आणि सिरिंजमध्ये घेतली.

"हे चालते का?" काका म्हणाले. "तो तोंडानं खाईन म्हणाला होता. नळीतून गेलं त देवाले पावलं कसं म्हणाव?"

"पोट त्याइचंच आहे ना, काका?"

"तू शिकलेली आहेस, बाई. तुले पटते. त्याले इचार."

बाबांनी नळीवर हात ठेवला होता. मला ढकलू देत नव्हते. मग त्यांनी स्वतःच्या ओठांकडे बोट केलं. डॉक्टरांनी तोंडातून काही द्यायचं नाही असं बजावलं होतं. ठसका लागला तर तिथंच जीव जाईल, हे मला माहीत होतं. मी आईकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. तिनं भाजीच्या रश्शात करंगळी बुडवली आणि ओठांच्या फटीतून त्यांच्या जिभेवर टेकवली.

बाबांनी डोळे मिटले. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. ठसका लागला नाही. मग ते काहीतरी पुटपुटले.

"काय म्हणते?" काकांनी विचारलं.

आईनं कान त्यांच्या तोंडाजवळ नेला. "मीठ नाई पडलं म्हंते."

मी गंजातला रस्सा बोटावर घेऊन चाखला. मीठ होतं, जरा जास्तच होतं. काकांनीही चाखला आणि गोवऱ्या सारायला तोंड फिरवलं. शेवटी आईनं चाखला.

"हौ, राह्यलंच वाटते," ती म्हणाली. पिशवीतून तिनं मिठाची पुडी काढली, बाबांना दिसेल अशी चिमूट गंजात टाकली, ढवळलं आणि पुन्हा करंगळी बुडवली.

या वेळी बाबांनी मान हलवली. मग नळीवरचा हात काढला आणि मला सिरिंज लावायची खूण केली.