हमीदाचाची आणि चिंचेखालचं पिल्लू

हमीदाचाची माणसाच्या तोंडाकडे आधी बघायचीच नाही, हाताकडे बघायची. कुरखेड्याच्या कॉलेजात शिकवायला लागले, तेव्हा मी तिच्या घरामागची खोली भाड्याने घेतली. पहिल्याच दिवशी तिने माझा हात हातात घेतला, बोटांचे सांधे दाबून पाहिले आणि म्हणाली, "हाडं कडक आहेत. पण भरीन मी. तू फक्त हात ढिल्ला सोड." बोलता बोलता काचेच्या बांगड्या मनगटात गेल्यासुद्धा. घर मणियारांचं. पुढच्या खोलीत बांगड्यांचं दुकान, मागच्या खोलीत संसार. "हात ढिल्ला सोड" हे ती साऱ्यांनाच सांगायची. नव्या नवरीला, म्हातारीला, रडक्या पोरीलाही.

मागच्या खोलीत खाटेवर तिचा नवरा, उस्मानचाचा. एके काळी सायकलला पेटी बांधून गावोगावच्या बाजारांत बांगड्या विकणारा, बायकांना हसवून हसवून बांगड्या भरणारा माणूस. लकव्याने उजवी बाजू गेली, वाचाही गेली. मी बघायचे तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. चाची घास घेऊन गेली की ओठ घट्ट मिटून घ्यायचे. "रागावले आहेत," ती म्हणायची, "माह्यावर नाई, आपल्या त्या हातावर."

त्या पावसाळ्यात वादळाने तळ्याकाठच्या चिंचेची फांदी मोडली आणि तिच्यावरची घरटी खाली आली. बरीच पिल्लं मेली. एक चिखलात धडपडत होतं. बाजारातून येणाऱ्या चाचीने ते पदरात गुंडाळून घरी आणलं. पुस्तकात या पक्ष्याला मुग्धबलाक म्हणतात. घोंगल्या, म्हणजे पाण्यातल्या गोगलगायी, फोडून खातो म्हणून आमच्याकडे घोंगल्याफोडा. काटकुळे पाय, लांब चोच आणि लोंबणारा डावा पंख. जनावरांच्या डॉक्टरांनी पंख अंगाशी धरून पट्टी बांधली. वनरक्षक आला. गडचिरोलीच्या रस्त्यावर पुलावरून पाणी वाहत होतं, तिकडे उपचाराला पाठवणं शक्य नव्हतं. तो म्हणाला, "बरा होईपर्यंत सांभाळा, बाई. मंग तळ्यावर सोडाचा. घरी ठेवता येत नाई."

"मले काय कराचं ठेवून?" चाची म्हणाली. तिने त्याला नावही दिलं नाही. "नाव ठेवलं का जीव अडकते, बेटा."

बांगड्या भरायला येणाऱ्या, मासे धरणाऱ्या ढिवरांच्या बायका धानाच्या बांधीतून घोंगल्या आणून द्यायच्या. चाची दारातल्या दगडावर त्या फोडायची आणि आतलं मांस वाटीत काढायची. पण पिल्लू तिच्या हातून खाईना. एके सकाळी ते उपाशीपोटी चोच वाजवत खाटेपाशी जाऊन उभं राहिलं. उस्मानचाचांनी मान वळवली. कितीतरी दिवसांनी त्यांनी भिंतीवरून नजर काढली होती. चाचीने वाटी त्यांच्या डाव्या हाताशी ठेवली. मांसाचा तुकडा दोनदा पडला. तिसऱ्यांदा पिल्लाने तो बोटांतून ओढून घेतला. चाची दुकानात आली आणि गिऱ्हाईक बसलेलं असताना पदरात तोंड खुपसून रडली.

मग घर बदललं. चाचा भिंतीला टेकून बसू लागले. पिल्लू खाल्ल्यावर स्वतःही खाऊ लागले. त्याला बोलावताना घशातून "आ" असा आवाज काढायचे. लकव्यानंतरचा त्यांचा तो पहिला शब्द. पट्टी निघाली. पिल्लू अंगणात पंख झाडू लागलं, छपराच्या कवेलूंवर चढू लागलं. पण "आ" ऐकू आलं की धडपडत खाली यायचं.

धान पिवळं पडलं तेव्हा ते तळ्यापर्यंत उडून परत येत होतं. वनरक्षक पाहून गेला. आता सोडा म्हणाला. शेजारणी चाचीला समजावू लागल्या, "पंख काप न त्याचे थोडेसे. चाचा जगतील त्याच्यापायी." मलाही ते मनातून पटत होतं. चाचांचं उमललेलं तोंड मी रोज बघत होते.

चाची बांगड्या पुसत होती. पुसता पुसता थांबली. "एक लुळा घरात आहे. त्याच्यासाठी दुसरा लुळा करू काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खाटेजवळ बसली. "चलो जी, तालाब पे छोड के आते. हातगाडी लाती मैं." चाचांनी मान हलवली. नाही. तिने पुन्हा विचारलं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. शेवटी पिल्लाला टोपलीत घेऊन आम्ही दोघीच गेलो.

तळ्याच्या कडेला थवा चरत होता. पिल्लू थोडा वेळ आमच्याजवळ उभं राहिलं, मग चिखलात चोच घालून त्याने घोंगली काढली. चाची मागे वळली आणि झपाझप चालू लागली. मी तिला गाठलं. "थांब न चाची, जरा बघू."

"बघितलं तर मीच उचलून आणीन," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी चाचांनी दाराकडे बघून "आ" केलं. पुढचे कितीतरी दिवस करत राहिले. पक्षी आला नाही. थव्याबरोबर तो तळं सोडून गेला होता. मग आवाज बंद झाला, जेवण तुटलं आणि ऐन थंडीत चाचा गेले. शेजारणी तोंडावर काही बोलल्या नाहीत, पण दुकानात बसून जे कुजबुजत ते चाचीला ऐकू जायचं. ती त्यांच्या मनगटात बांगड्या भरत राहायची. माझी गडचिरोलीला बदली झाली.

पुढच्या पावसाळ्यात तिला भेटायला गेले. ती आपणहून म्हणाली, "चल, तळ्यावर जाऊ." चिंचेच्या उरलेल्या फांद्यांवर घरटी होती, पाण्यात पंचवीस-तीस पक्षी. मी विचारलं, "चाची, यातला आपला असेल का गं?"

"सारे एकसारखेच दिसून राह्यले." ती काठावरच्या दगडावर बसली. "सोडलं ते बराबरच केलं, बेटा. त्याचं मले काई नाई वाटत. पण त्या दिवशी खाटेवरून ह्याईनं नाई म्हटलं, तरी मी ह्याईले उचलून आणाले पाहिजे होतं. तो कसा उडते, ते ह्याईले दिसलं असतं."

समोर एक पक्षी उडाला आणि धानावरून पलीकडे गेला. चाची त्याच्याकडे बघत होती, तो दिसेनासा झाल्यावरही.