राठोडभाऊंना न सांगितलेलं

कुणी जंगलात वाघ बघून आलं आणि तापानं पडलं की राठोडभाऊ त्याच्या घरी हजर. फोटो बघायला नव्हे, बोट टोचायला. हिवतापाचं काम बघणारे ते सरकारी कर्मचारी. मंगरूळपीरच्या गल्ल्यांतून पिशवीत सुया आणि काचपट्ट्या घेऊन फिरायचे. त्यांना बघून पोरं पळायची, आणि खरं सांगायचं तर आम्ही मोठेही.

आम्ही जैन, कापडाचे दुकानदार. आमच्याकडे डास मारत नाहीत हे त्यांना ठाऊक. म्हणायचे, "मारू नका म्हन्ता ना शेटजी, मंग मच्छरदानी लावा. दोघायचाही जीव वाचते." सहलीला निघालेल्याला तर हमखास बजावायचे, "वाघ दिसन न दिसन, मच्छर भेटल्याबिगर राह्यत नाई. पूर्ण बाह्याचे कपडे घाला. अन् आल्यावर महिनाभरात ताप आला, त पयले रगत दाखवा." आम्ही हसायचो.

माझा धाकटा भाऊ अमोल श्रावणात मित्रांबरोबर चंद्रपूरकडच्या जंगलात गेला. दोन संध्याकाळी अर्ध्या बाह्यांत मचाणावर बसला. परतल्यावर दोन आठवड्यांनी पर्युषण आलं आणि त्यानं अठाई धरली. आठ दिवस फक्त उकळलेलं पाणी. घरातली ती पहिलीच अठाई, आमची छाती फुगली होती. पाचव्या दिवशी त्याला थंडी वाजून ताप भरला. उपवासाची कडकी, असं आम्ही ठरवून टाकलं.

राठोडभाऊंच्या कानावर गेलंच. दुकानात येऊन म्हणाले, "काहून उशीर करून राह्यले? एक थेंब द्या फक्त. त्यानं काई उपास मोडत नाई." अमोल वर माडीवर होता. काही निघालं तर गोळ्या द्याव्या लागतील, अठाई मोडेल, ही मला धास्ती. जिना न चढताच मी सांगितलं, "तो नाही म्हणतो. पारणं झालं की या."

सातव्या दिवशी अमोल बरळू लागला. वाशीमला नेलं तोवर हिवताप मेंदूत गेला होता. आठवा दिवस त्याला दिसला नाही.

तो गेल्याच्या तिसऱ्या दिवशी राठोडभाऊ आले आणि घरातल्या प्रत्येकाचं रक्त घेतलं. माझं बोट त्यांनी शेवटी धरलं. म्हणाले, "चुकलंच माह्यं, शेटजी. त्यानं तपापायी नाई म्हटलं, अन् मी ऐकलं. माडीवर जाऊन हात जोडाले पायजे होते त्याले."

मी बोटावर कापूस दाबला. पुढे ते निवृत्त होऊन मानोऱ्याजवळच्या आपल्या तांड्यावर गेले आणि मागच्या वर्षी तिथंच वारले. अमोलला मी विचारलंच नव्हतं, हे त्यांना कधी कळलं नाही.