करून राहिलो

रायपुरात कुणी मराठीत तोंड उघडावं आणि आमच्या भाऊजींच्या खिशातून पेन्सिल बाहेर येऊ नये, असं आजवर घडलेलं नाही. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. रेल्वेच्या ऑफिसात बाबू, वय चोपन्न, आणि गेली अकरा वर्षं इथल्या मराठी घरांच्या बोलीवर त्यांची पीएचडी चालू आहे. तिचा बढतीशी संबंध नाही, पगाराशी नाही. त्यांच्या साहेबांना तर तो एखादा जुनाट आजार वाटतो. पंडरीच्या कापडबाजारात ताई साडी निवडत असते तेव्हा हे शेजारच्या गिऱ्हाईक बाईंच्या मागे उभे राहून त्यांचं बोलणं चिठ्ठीवर उतरवत असतात. एकदा बाईंच्या नवऱ्याने बाह्या सरसावून विचारलं, ‘‘क्या चाहिए भैया?’’ भाऊजी हात जोडून म्हणाले, ‘‘काही नाही जी. वहिनींनी आता जो शब्द टाकला ना, तो मले पुन्हा एकदा पाहिजे.’’ नवराही मराठी निघाला म्हणून निभावलं. पुढे पाऊण तास तिघं दुकानाच्या पायरीवर जुने शब्द आठवत बसले आणि ताईची साडी घ्यायची राहून गेली. अभनपूरच्या एका लग्नात तर ते भरल्या पानावरून उठून एका आजीबाईंच्या मागे गेले, कारण त्यांनी कढईतल्या खरवडीला काहीतरी निराळंच म्हटलं होतं. परत आले तेव्हा पंगत उठली होती, पण चेहरा पोटभर जेवलेल्या माणसाचा होता.

प्रत्येक चिठ्ठीवर शब्द, बोलणारा, जागा आणि त्या वेळी काय चाललं होतं, एवढं सगळं असतं. चिठ्ठ्या साडीच्या खोक्यांत आणि खोकी दिवाणात. पांघरुणं कुठे ठेवायची हे ताईला अजून कळलेलं नाही. मध्यंतरी एका चर्चासत्रासाठी ते पुण्याला गेले. तिथल्या बाईंनी विचारलं, पीएचडी झाली का? भाऊजी म्हणाले, ‘‘करून राहिलो.’’ आमच्याकडे याचा अर्थ ‘करतो आहे’. बाईंना वाटलं, करून मोकळे झाले. त्यांनी व्यासपीठावर ‘डॉक्टर’ म्हणून ओळख करून दिली आणि खांद्यावर शाल घातली. भाऊजींनी तिथेच उभं राहून सगळा घोटाळा समजावला, शाल घडी करून परत दिली आणि पहिल्या प्रकरणाची सुरुवात मिळाली म्हणून गाडीत रायपूरपर्यंत हसत आले. ताई मात्र म्हणते, ‘‘यांची पीएचडी करून नाही राहिली, राहून राहिली.’’ त्यावरही त्यांनी चिठ्ठी केली.

अशा माणसाकडे नोकरीधंद्याचा सल्ला मागायला कुणी जाऊ नये. पण मी गेले. मी एका खाजगी कॉलेजात कंत्राटावर वनस्पतिशास्त्र शिकवते. धानातल्या तणांवर पीएचडी करायला जागा मिळाली होती आणि त्याच आठवड्यात एका शाळेची पक्की नोकरीही चालून आली होती. सोमवारपर्यंत दोहोंपैकी एकीला नाही म्हणायचं होतं आणि माझी झोप उडाली होती.

‘‘भाऊजी, पाच वर्षं घालवून मले भेटन काय?’’

‘‘नोकरीसाठी करत असशील तं नको करू. शाळा घे,’’ ते लगेच म्हणाले. ‘‘पीएचडीनं मले तं काही देल्लं नाही.’’ मग दिवाण उघडला, तळाचं खोकं काढलं आणि एक पिवळी पडलेली चिठ्ठी माझ्या हातात दिली.

‘अवं पोट्टी, काहून रडून राहिली? मी कुठं जाऊन राहिली?’ खाली लिहिलं होतं: सासूबाई. चौबे कॉलोनी, फाटकापाशी. धाकटी होस्टेलला निघाली तेव्हा.

ती धाकटी म्हणजे मी. आई जाऊन चार वर्षं झाली. तिचा फोटो आहे, साड्या आहेत. तिचं बोलणं कुणी जपून ठेवलं असेल हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मी रडले. भाऊजींसमोर रडायची लाजही वाटली नाही.

‘‘हे कोणी मागितलं नव्हतं,’’ ते हळूच म्हणाले. ‘‘पण मी नसतं लिहिलं तं कोणं लिहिलं असतं? आता तुह्या तणाचं तू पाह्य. त्यानं काहीच नाही देल्लं, तरी वाकून पाहावं वाटते का?’’

‘‘हव,’’ मी म्हटलं.

तेवढ्यात भाची चहा घेऊन आली. भाऊजींनी तिला विचारलं, ‘‘साखर कमी टाकली ना बेटा?’’ ती म्हणाली, ‘‘हाँ पापा, आधा चम्मच.’’ पेन्सिल खिशातच राहिली. त्यांनी तिच्याकडे फार मायेने पाहिलं आणि कप उचलला. या घरातला शेवटचा मराठी शब्द कोण बोलेल, हा विचार मला तेव्हा पहिल्यांदा शिवला.

सोमवारी शाळेला नाही कळवून मी सरळ त्यांच्याकडे गेले. दारातूनच म्हटलं, ‘‘भाऊजी, मी पीएचडी करून राहिली.’’ त्यांनी पेन्सिल काढली. वाक्य लिहिलं, माझं नाव लिहिलं, जागा लिहिली. मग तळाचं खोकं उघडून ती चिठ्ठी आईच्या चिठ्ठीशेजारी ठेवली.