लागतं थोडं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. ताईला नाही, बाबांना नाही. घरी या गोष्टीची एक हकिगत ठरून गेली आहे — माझ्या ऐकण्यात चूक झाली, अशी. आईनेच ती ठरवली. पण ती खरी नाही.

कुठून सुरू करू? हातांपासून करते.

आम्ही अंबरनाथ पश्चिमेला चाळीत राहतो. उल्हासनगरच्या कारखान्यांतून जीन्सचे गठ्ठे आमच्याकडे येतात आणि बायका घरी बसून शिलाईचे सुटे धागे कापतात. आईही कापते. तिच्या तळव्यांवर, कोपरांवर लाल चट्टे उठले आणि त्यांवर पांढरा कोंडा धरायला लागला, तेव्हा सगळे म्हणाले, जीन्सचा रंग बाधला. शेजारच्या काकूंनी नायटा ठरवला. मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली — लावली की आठ दिवस बरं, बंद केली की दुप्पट. वर्षभर असंच चाललं. भेगांतून रक्त यायचं, तरी पीठ तीच मळायची.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे माझा शब्द म्हणजे घरात छापील. एकदा मी हॉल तिकीट विसरले, ते द्यायला आई गेटपर्यंत आली. मैत्रिणीने तिचे हात पाहिले. दुपारी मी डबा उघडल्यावर तिने हळूच विचारलं, "भाकरी त्याच हातांनी करतात का गं?" त्यात कुचकेपणा नव्हता. पण त्या दिवसापासून मला भाकरी गिळवेना. तांदळाच्या पिठाचा कण दिसला तरी तो पीठच आहे का, असं वाटायचं. मी डबा — सांगतेच आता — रस्त्यावरच्या कुत्र्याला घालायचे आणि घरी रिकामा नेऊन ठेवायचे. आई विचारायची, पुरला का? मी म्हणायचे, पुरला.

शेवटी मीच तिला उल्हासनगरला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. मॅडमनी भिंगातून पाहिलं, एक पापुद्रा हलकेच खरवडला आणि सोरायसिस म्हणाल्या. आईला तपासणीसाठी रक्त द्यायला शेजारच्या खोलीत पाठवलं आणि मला समजावून सांगितलं. हा आजार शरीरातूनच उठतो, बाहेरून येत नाही. बरीच वर्षं राहतो, पण औषधाने ताब्यात ठेवता येतो. मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, "और ये छूने से नहीं फैलता. मम्मी को ठीक से समझाना. लोग बहुत डराते हैं."

मी मान हलवली.

परतताना रिक्षात आईने विचारलं, "काय म्हणाल्या गं? लागतं का कुणाला?"

मी बाहेर बघत होते. म्हटलं, "लागतं थोडं."

थोडं — हा शब्द मी का जोडला? खोटं लहान व्हावं म्हणून? तिने पीठ मळू नये, एवढंच मला हवं होतं. तसं तोंडावर सांगायची हिंमत नव्हती. म्हणून मी ते डॉक्टरांच्या तोंडी घातलं.

 संध्याकाळी आईने आपलं ताट, पेला, टॉवेल वेगळा काढला. पेले सगळे सारखेच, चुकून कुणी उचलेल, काहीतरी खूण कर म्हणाली. मी माझ्या नेलपॉलिशने तिच्या पेल्याच्या बुडाला लाल ठिपका काढला. फुंकर मारून वाळवला. भाकऱ्या मी करायला लागले, आणि चाळीत माझं कौतुक झालं.

पुढच्या वर्षी ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. बाळाला तेल लावायचं, न्हाऊ घालायचं, हे आजीचं काम. आईने त्यासाठी बाई लावली. स्वतः उंबऱ्यापाशी बसून सांगत राहायची — मान धरा, कानात पाणी जाईल, आता पालथी घ्या. बाळ रडलं की तिचे हात आपोआप उठायचे. मग ती ते पदरात गुंडाळून घ्यायची. एकदा ताईच म्हणाली, घे गं, एवढ्याने काय होतंय. आई म्हणाली, "नको बाई. डॉक्टरांनी सांगितलंय."

मी चार हातांच्या अंतरावर भाकरी थापत होते. एक वाक्य पुरलं असतं. का नाही बोलले? बोलले असते तर माझं खोटं उघडं पडलं असतं. एवढंच कारण. याहून मोठं कारण मी शोधून पाहिलं, सापडलं नाही. तीन महिन्यांनी ताई सासरी चामटोलीला गेली. आईने बाळाला एकदाही उचललं नव्हतं.

तपासणीला प्रत्येक वेळी मीच सोबत जायचे, मीच बोलायचे. गेल्या महिन्यात मात्र, चट्टे बरेच विरले होते म्हणून असेल, उठता उठता आईनेच विचारलं, "मॅडम, अब नातीन को उठा सकती क्या?"

मॅडमना आधी प्रश्नच कळेना. "क्यों नहीं? मैंने तो पहले दिन ही बोला था."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आईनेही पाहिलं.  मग ती मॅडमकडे वळली आणि जरा हसून म्हणाली, "पोरगी छोटी थी तब. सुनने में गलती हुई होगी."

घरी तिने बाबांना तेच सांगितलं. फोनवर ताईलाही तेच. ताई हसली म्हणे — हीच का आपली शिकलेली.

त्या रविवारी आम्ही चामटोलीला गेलो. आईने दोन्ही हात पुढे केले. सव्वा वर्षाची पोर ताईच्या पायांमागे लपली आणि रडायला लागली. आई म्हणाली, राहू दे, येईल सवयीने. हात तिने पुन्हा पदरात घेतले.

पाणी ती अजून त्याच पेल्याने पिते. काल भांडी घासताना तो माझ्या हातात आला. ठिपका निम्मा झिजलाय.

मी तेव्हा अठरा वर्षांची होते, लहान नव्हते. आणि मॅडम जे म्हणाल्या, ते मी नीट ऐकलं होतं.