भस्म लावलेली फ्लॉपी

लातूरच्या क्लासेसच्या गल्लीत रविकिरणचं दुकान आहे. लग्नाच्या जुन्या कॅसेटी पेन ड्राइव्हवर उतरवून देणं हा त्याचा धंदा. हाताला कसब आहे, पण तोंडाला बढाई त्याहून जास्त. "मेलेली कॅसेटबी बोलती करतो," हे प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

परवा निलंग्याहून धुरपताबाई आल्या. रुमालात एक फ्लॉपी. त्यांचा नवरा मलप्पा कॉम्प्युटर क्लास चालवायचा. एकदा गमतीनं त्यानं माइकवर बायकोला हाक मारून ती फ्लॉपीत भरून ठेवली. तो गेल्यावर त्याचा आवाज म्हणून एवढंच मागं राहिलं. घर लिंगायताचं, दर खंडेनवमीला बाई त्या फ्लॉपीवरही भस्माची तीन बोटं ओढायच्या.

फ्लॉपीच्या आत पातळ गोल चकती असते. तिच्यावर लोहचुंबकी भुकटीचा थर. भुकटीचं तोंड इकडं की तिकडं, एवढंच यंत्र वाचतं आणि त्यातूनच आवाज उभा करतं. पण वाचणारं टोक टेपरेकॉर्डरसारखं चकतीला घासून चालतं, म्हणून आधी फ्लॉपीचं पत्र्याचं झाकण सरकवून चकती साफ आहे का ते बघायचं. रविकिरणला हे तोंडपाठ होतं. पण बाईंना कसब दाखवायची घाई नडली. त्यानं फ्लॉपी वरूनच पुसली आणि यंत्रात सारली.

खर्र आवाज आला. तिथंच थांबायचं, तर या दीडशहाण्यानं ती पुन्हा पुन्हा वाचायला लावली. शेवटी काढून झाकण सरकवलं. आत भस्म साठलेलं, आणि चकतीवर ताजा गोल ओरखडा. थर खरवडून निघाला होता.

"आत राख गेलीय, मावशी," तो बोलून गेला.

बाईंनी आपल्या बोटांकडं पाहिलं. "म्हंजी मीच पुसलं की त्यांना."

रविकिरणला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "न्हाई मावशी. आधी राख काढली असती तर हाक ऐकू आली असती. मी न बघता घातली. चूक माझी हाय."

"माझं मन राखायला खोटं बोलू नको, लेकरा. लई चांगला हाईस तू."

त्यानं पुन्हा पुन्हा सांगितलं. आजवरच्या सगळ्या थापा खपल्या होत्या. हे खरं तेवढं खपलं नाही. फ्लॉपी त्याच्याकडंच ठेवून बाई एसटी स्टँडकडं निघाल्या. जाताना त्या पदराला बोटं पुसत राहिल्या. बोटांना काही लागलेलं नव्हतं.